लाईट गेल्यानंतर पीसी कसा उठतो: दुकानात डेबियन १३ वापरल्यावरचा अनुभव

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म आणि डीटीपीचं दुकान आहे. पीसी चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, मागाहून टाकलेली एसएसडी. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही, म्हणून डेबियन १३ ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, डेस्कटॉप एक्सएफसीई (हलका, खिडक्या-मेनूंचा पडदा). प्रिंटर, ऑफिस, ब्राउझर यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मी फक्त पीसी चालू होण्याबद्दल लिहितोय, कारण तो दिवसातून किती वेळा चालू करायचा हे आमच्याकडे लाईट ठरवते.

बटण दाबलं की यूईएफआय फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) रॅम, कीबोर्ड वगैरे तपासतं आणि एसएसडीवरच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनमधून (डिस्कच्या वेगळ्या भागातून) ग्रब हा सिस्टीम चढवणारा प्रोग्राम चालू करतं. ग्रबचा मेनू ५ सेकंद थांबतो. मग तो कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि इनिटरामएफएस रॅममध्ये चढवतो. इनिटरामएफएस म्हणजे मुख्य डिस्क उघडण्यापुरते ड्रायव्हर आणि बारीकसारीक प्रोग्राम असलेला तात्पुरता संच. डिस्क सापडली, तपासून झाली, की त्याचं काम संपतं आणि पहिली प्रोसेस म्हणून सिस्टमडी, म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्राम चालू करणारा व्यवस्थापक, कारभार हाती घेतं. पुढे लाइटडीएम या प्रोग्रामचा लॉगिन पडदा.

यातला डिस्क तपासण्याचा टप्पा माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. रोज काळ्या पडद्यावर एकच ओळ दिसते: एसडीए२ (डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनचं नाव), क्लीन, आणि पुढे फाइलींचे आकडे. अचानक लाईट गेली असेल तर त्याआधी ‘रिकव्हरिंग जर्नल’ असं येतं. ईएक्सटी४ ही डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत आपल्या रचनेतले बदल आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत नोंदवते, त्यामुळे अर्धवट राहिलेल्या नोंदी इथे मार्गी लागतात. एसएसडीवर क्षणाचं काम. काउंटरपलीकडचे बाबा विचारतात, “भाऊ, चालू व्हई ना?” आणि ती ओळ वाचून मी छातीठोक हो म्हणतो. मात्र जर्नल फाइलींची रचना सांभाळतं. सेव्ह न केलेला अर्ज गेला तो गेलाच. इन्व्हर्टर काढून टाकू नका.

लाईट आल्यावर पीसी आपोआप चालू व्हावा, अशी सेटिंग फर्मवेअरमध्ये असते. ती मी बंद ठेवलीय. आमच्याकडे लाईट येते तीच दोन-तीन झटके देत, प्रत्येक झटक्याला बूट, म्हणजे चालू होण्याची प्रक्रिया, अर्ध्यावर तुटण्यात अर्थ नाही.

मदरबोर्डचा सेल उतरला की तारीख मागे जाते आणि सरकारी साइट सर्टिफिकेटची चूक दाखवतात. सिस्टमडीचा घड्याळ जुळवणारा भाग टाइमसिंकडी शेवटची वेळ डिस्कवर जपून ठेवतो, चालू होताना घड्याळ निदान तिथवर आणतो आणि नेट मिळालं की बरोबर करतो. उन्हाळ्यात माझा सेल गेला तेव्हा हे फार कामी आलं.

‘सिस्टमडी-ॲनालाइज’ ही कमांड फर्मवेअर, ग्रब, कर्नल आणि पुढच्या सेवांना (मागे चालणाऱ्या प्रोग्रामांना) किती वेळ लागला ते वेगवेगळं सांगते. ‘ब्लेम’ जोडलं तर सेवांची यादी येते, पण तिच्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. माझ्याकडे नेटची वाट पाहणारी सेवा सगळ्यात वर दिसायची, लॉगिन पडदा मात्र तिच्यासाठी अडतच नव्हता. सेवा एकाच वेळी चालू होतात. खरी अडवणूक त्याच कमांडला ‘क्रिटिकल-चेन’ जोडल्यावर कळते.

बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (चालू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीच्या फाइलीत) नोंदवलेली असेल आणि ती जोडलेली नसेल, तर लाल चांदण्या डावीउजवीकडे सरकत राहतात आणि १ मिनिट ३० सेकंदांचं घड्याळ चालतं. नंतर थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरता काळा पडदा. त्या नोंदीत ‘नोफेल’ लिहिलं की बूट अडत नाही. दुकानदारांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

सिस्टमडी २०१०मध्ये आलं, डेबियनने २०१५च्या आठव्या आवृत्तीपासून ते मुख्य केलं. त्यावरून मोठा वाद झाला आणि काहींनी डेबियनवरूनच, पण सिस्टमडीशिवाय, देवुआन नावाची वेगळी सिस्टीम काढली. एकाच प्रकल्पात इतकं सगळं नको, हा त्यांचा आक्षेप मला समजतो. तरी सिस्टमडीच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ कमांडला ‘उणे बी, उणे एक’ (-b -1) देऊन मागच्या बूटमध्ये काय झालं ते वाचता येतं, ही सोय मी सोडणार नाही. एका अपडेटनंतर वायफायचा डोंगल ओळखला जाईना. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचं कर्नल तसंच होतं, त्यावरून चालू केलं आणि गिऱ्हाईक परत गेलं नाही.

मोठी उणीव भाषेची. डेबियनचा ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीत आहे, पण बूटचा काळा पडदा इंग्रजीतच. त्या काळ्या पडद्याला देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत. दुकानावर बसणाऱ्या मुलाला मी मॉनिटरच्या कडेला मराठीत कागद चिकटवून दिलाय: कोणती ओळ नेहमीची, कोणत्या ओळीला थांबायचं, आणि कोणती दिसली की मला फोन करायचा.