अल्पाइनवर सात-आठ महिने: विद्यापीठाच्या अकाउंटवरचा टर्मिनलमधला मेल

आधी निकाल, मग कारणं. विद्यापीठातला माझा लांबलचक, विचार करून लिहायचा पत्रव्यवहार आता अल्पाइन या टर्मिनलमध्ये (नुसत्या मजकुराच्या खिडकीत) चालणाऱ्या मेल प्रोग्रॅममधून चालतो आणि तिथेच राहणार आहे. मीटिंगची आमंत्रणं, पोस्टर, फॉर्म आणि 'इथे क्लिक करा' छापाचे मेल मात्र मी ब्राउझरमध्येच उघडतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पडलेली ही वाटणी अजून बदललेली नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करायच्या सोयीने, विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करायचं, प्रॉम्प्टवर अल्पाइन टाइप करून एन्टर मारायचं. समोर मोजक्या ओळींचा मेनू येतो: नवा मेल लिहा, इनबॉक्स, फोल्डरची यादी, पत्त्यांची वही, सेटिंग, बाहेर पडा. चित्र नाही, रंग जवळपास नाहीत, सगळं बटणांवर. स्क्रीनच्या तळाशी दोन ओळींत, तुम्ही जिथे उभे आहात तिथे कोणतं बटण काय करेल हे लिहिलेलं असतं. मेल लिहिताना वेगळं, यादी बघताना वेगळं. या दोन ओळी आहेत म्हणून मी टिकलो. मॅन्युअल मी फार नंतर उघडलं, तेही हौस म्हणून.

या सोपेपणामागे इतिहास आहे. अल्पाइनचा पूर्वज पाइन. तो सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये सुरू झाला, आणि तो संगणकशास्त्राच्या लोकांसाठी नव्हे तर तिथल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी बनवला होता. त्याआधीचे युनिक्सवरचे मेल प्रोग्रॅम, उदाहरणार्थ एल्म, युनिक्स येणाऱ्याला सोपे आणि बाकीच्यांना कोडं वाटायचे. पाइनचं लायसन्स मात्र अडचणीचं होतं, बदल केलेली आवृत्ती खुलेपणाने वाटता येत नसे. २००७ च्या शेवटी त्याच विद्यापीठाने अपाची या खुल्या लायसन्सखाली अल्पाइन आणलं आणि ती अडचण मिटली. पुढे विद्यापीठाने हात काढून घेतला. आज एदुआर्दो चापा ते सांभाळतात. त्यामुळे 'हे तर मेलेलं सॉफ्टवेअर' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

मला सर्वात जास्त पटलं ते त्याचं विचारणं. उत्तर द्यायला आर दाबलं की तो विचारतो, मूळ मजकूर सोबत घ्यायचा का? मेल अनेकांना गेलेला असेल तर विचारतो, सगळ्यांना उत्तर द्यायचं का? आणि इथे नुसतं एन्टर मारलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. पूर्ण विभागाला गेलेल्या मेलवर 'धन्यवाद सर' लिहून तेही पूर्ण विभागाला पाठवणारे लोक तुमच्याकडेही असतील. त्यांना हा प्रोग्रॅम सक्तीचा करावा असं माझं प्रामाणिक मत आहे. पाठवताना कंट्रोल-एक्स दाबलं की पुन्हा एकदा विचारणा. खोडायला डी दाबलं तर मेल लगेच जात नाही, यादीत त्याच्यापुढे फक्त डी अक्षर लागतं. यूने ते निघतं. खरंच काढून टाकणं होतं ते एक्स दाबल्यावर किंवा बाहेर पडताना 'खोडलेले मेल काढून टाकू का' याला हो म्हटल्यावर. पहिल्या आठवड्यात हे प्रश्न भुणभुण वाटतात, नंतर बोटं आपोआप उत्तरं देतात.

लिहिण्यासाठी आत पिको नावाचा छोटा संपादक आहे. लिनक्सवर नॅनो हा संपादक वापरला असेल तर घरच्यासारखं वाटेल, कारण नॅनो हा पिकोच्या धर्तीवरच लिहिला गेला. कंट्रोल-के ओळ कापतं, कंट्रोल-यू ती परत चिकटवतं. कंट्रोल-जे परिच्छेद नीट लावतं. मजकुरात कोडचा तुकडा किंवा आकड्यांचा तक्ता असेल तर हेच कंट्रोल-जे त्याचा भुगा करतं, पण लगेच कंट्रोल-यू दाबलं तर सगळं पूर्ववत होतं. एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो: तेच बटण कर्सर कुठे आहे त्यावर वेगळं काम करतं. कर्सर वरच्या पत्त्याच्या भागात असेल तर कंट्रोल-जे फाइल जोडायचं बटण होतं आणि कंट्रोल-आर लपलेले रकाने उघडतं. कर्सर मजकुरात असेल तर कंट्रोल-आर अकाउंटमधली एखादी फाइल थेट मेलमध्ये ओततं.

आणि याच शेवटच्या बटणापाशी माझं मत पक्कं झालं. टेक्स्ट मेलची भलामण करणारे लोक वेगाचं कौतुक करतात. वेग आहेच. आयमॅपवरून (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) अल्पाइन फक्त समोरच्या पानापुरती माहिती मागवतं, अटॅचमेंट तुम्ही मागेपर्यंत उतरवत नाही, त्यामुळे वसतिगृहाच्या रडतखडत चालणाऱ्या वाय-फायवरही इनबॉक्स चटकन उघडतो. पण माझ्यासाठी खरा फायदा वेगळा आहे. माझं काम ज्या मशीनवर आहे त्याच मशीनवर मेल आहे. रात्रभर चाललेल्या प्रोग्रॅमचं आउटपुट माझ्या डिरेक्टरीत पडलेलं असतं. ते मार्गदर्शकांना पाठवायचं तर आधी लॅपटॉपवर उतरवा, मग ब्राउझरमधून चढवा, हा खटाटोप नाही. मेल उघडा, कंट्रोल-आर, फाइलचं नाव, झालं. उलट दिशेनेही तेच. कुणी मजकुरातच आकडे पाठवले तर उभ्या रेघेचं बटण दाबून तो मेल सरळ एखाद्या कमांडला पुरवता येतो (ही सोय सेटिंगमध्ये चालू असावी लागते). ब्राउझरमधला मेल कितीही देखणा असला तरी तो माझ्या फायलींपासून कायम एक उंबरठा दूर असतो.

अकाउंटमध्ये ठेवलेली फोल्डरं साध्या टेक्स्ट फायली असतात, एका फाइलमध्ये एकामागोमाग एक मेल. म्हणून ग्रेप या फायलींत शब्द शोधणाऱ्या कमांडने जुन्या पाठवलेल्या मेलमधून एखादं नाव शोधता येतं. हे इंग्रजीपुरतंच खरं, हे मात्र कुणी सांगत नाही. देवनागरी मजकूर फाइलमध्ये बहुतेक वेळा सांकेतिक रूपात साठवलेला असतो, त्यामुळे ग्रेपला 'प्रबंध' हा शब्द सापडणार नाही. अल्पाइनच्या स्वतःच्या शोधातून तो सापडतो. अर्धविराम दाबायचा, मजकुरात की विषयात की पाठवणाऱ्याच्या नावात ते सांगायचं, शब्द द्यायचा. मग झेड दाबलं की तेवढेच मेल समोर राहतात, आणि ए दाबून त्या सगळ्यांवर एकदम काहीही करता येतं. सत्र संपल्यावर ग्रंथालयाच्या सूचना, कार्यक्रमांच्या घोषणा आणि पार्किंगची परिपत्रकं यांचा ढीग मी असाच एका झटक्यात साफ केला.

आता मराठीची गोष्ट, कारण हे वाचणाऱ्यांना तीच जाणून घ्यायची असणार.

मराठी मेल अल्पाइनमध्ये येतो, दिसतो, पाठवता येतो. पाइनला युनिकोड जेमतेम कळायचं, अल्पाइनला नीट कळतं. त्रास देतो तो टर्मिनल. टर्मिनलचा सगळा हिशोब समान चौकटींवर चालतो, एक अक्षर एक घर. 'विद्यार्थी' हा एकच शब्द घ्या. त्यात पहिली वेलांटी आहे, दुसरी आहे, जोडाक्षर आहे आणि रफार आहे. याची घरं किती? टर्मिनल एक आकडा धरतो, आतला प्रोग्रॅम दुसरा, आणि कर्सर भलतीकडेच लुकलुकत राहतो. वाचताना फार बिघडत नाही, यादीतले रकाने थोडे वाकडे होतात इतकंच. लिहिताना मात्र ओळीच्या मधे जाऊन काना दुरुस्त करायचा म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. खोडायला गेलो तर आधी मात्रा जाते, मग अक्षर, आणि स्क्रीनवर उरलेलं खरं की भास हे कळायला पान पुन्हा रंगवून घ्यावं लागतं, त्यासाठी कंट्रोल-एल.

दिलासा एवढाच की हा गोंधळ फक्त डोळ्यांपुरता असतो. आतली अक्षरं बरोबर असतात आणि समोरच्याला मेल नीटनेटका पोचतो. टर्मिनल आणि सर्व्हर दोन्हीकडे युटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) चालू आहे ना एवढं आधी तपासा. विंडोजवरून पुटी हा एसएसएचचा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याच्या ट्रान्सलेशनच्या पानावर ते दिसतं. सर्व्हरवर लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीचं सेटिंग, चुकीचं असेल तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि माणूस उगाच अल्पाइनला शिव्या घालतो. एमएलटर्मसारखे काही टर्मिनल भारतीय लिप्यांची जुळणी बऱ्यापैकी करतात. मी मात्र लांब मराठी मेल लॅपटॉपवरच्या साध्या संपादकात लिहितो, फाइल सर्व्हरवर टाकतो आणि पुन्हा आपलं कंट्रोल-आर. दोन ओळींचं उत्तर असेल तर थेट लिहितो, मागे न जाता.

बाहेरच्या जगाचे मेल हा दुसरा दुखरा भाग. आज बहुतेक संस्था एचटीएमएल मेल पाठवतात. अल्पाइन त्यातला मजकूर काढून दाखवतं, साधं पत्र असेल तर फरक कळतही नाही. पण तक्त्यात तक्ता घालून सजवलेलं बातमीपत्र म्हणजे लिंकांचा चिखल. काही कार्यालयं अख्खी सूचना एका चित्रात घालून पाठवतात. तिथे अल्पाइनमध्ये रिकामं पान आणि एका अटॅचमेंटचं नाव, बस. दोष कुणाचा यावर माझं मत ठाम आहे, पण शेवटची तारीख त्या चित्रातच असते, म्हणून ब्राउझर उघडावा लागतो. मीटिंगच्या आमंत्रणाला 'स्वीकारा' असं बटण नाही, 'येतो' असं लिहून कळवायचं. याच कोरडेपणाचा फायदाही आहे: बाहेरची चित्रं आपोआप उतरत नाहीत, म्हणजे मेल उघडल्याची खबर पाठवणाऱ्याला त्या मार्गाने लागत नाही. लिंक निवडली तर उघडण्याआधी तिचा खरा पत्ता दाखवून विचारणा होते. बँकेच्या नावाने आलेले भामटे मेल इथे फारच केविलवाणे दिसतात.

अटॅचमेंट जतन केली की ती तुमच्या लॅपटॉपवर नाही, सर्व्हरवरच्या अकाउंटमध्ये पडते. पीडीएफ बघायची तर एससीपीने (एसएसएचवरून फायली उतरवायची कमांड) खाली आणा. रोज पीडीएफ तपासणाऱ्या प्राध्यापकांना मी हे सुचवणार नाही.

कनेक्शन तुटण्याची भीती मात्र निराधार निघाली. मेल लिहिता लिहिता नेट गेलं, तर पुढच्या वेळी लिहायला बसताच अल्पाइन विचारतं, अर्धवट राहिलेला मजकूर पुढे चालू करायचा का? तरी टीमक्समध्ये चालवावं, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं सत्र चालूच राहतं. सकाळी प्रयोगशाळेत उघडलेला मेल संध्याकाळी दुसऱ्या मशीनवरून, कर्सर होता तिथेच सापडतो.

लॉगिनचा भाग प्रत्येकाच्या विद्यापीठावर अवलंबून. मेल सर्व्हर विद्यापीठाचा स्वतःचा असेल तर पासवर्ड टाका आणि विसरा. तो मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर गेला असेल तर गोष्ट वेगळी. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या क्लाउडवरच्या मेल सेवेवर नुसत्या पासवर्डने आयमॅप उघडणं बंद करायला घेतलं. अल्पाइनला ओऑथ पद्धतीचं (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता परवानगी द्यायचं) लॉगिन येतं, पण तुमच्या संगणक केंद्राने त्याला परवानगी दिलेली असावी लागते. तिथे हेलपाटे घालायची तयारी ठेवा आणि अर्जात प्रोग्रॅमचं नाव नीट लिहा, कारण खिडकीपलीकडच्याने ते ऐकलेलं असेलच असं नाही.

म्यूट या टर्मिनलमधल्याच दुसऱ्या मेल प्रोग्रॅमबद्दल विचारणारे असतीलच. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्रॅम जास्त ताकदवान आहे, त्यात शंका नाही. त्यात पिकोसारखा संपादक नाही, तुमचा आवडता जोडायचा. सेटिंग फाइल हाताने लिहायची. ज्यांना त्यात आनंद मिळतो त्यांनी तिकडे जावं. मला मेल पाठवायचे होते.

कुरकुर करण्यासारख्या दोन गोष्टी उरल्या. अल्पाइनमधले फिल्टर अल्पाइन चालू असतानाच काम करतात. फोनवरून इनबॉक्स बघितला तर सगळं न निवडलेलं दिसतं, म्हणून निवडीचे नियम शक्य तर सर्व्हरवरच लावावेत. दुसरी, अकाउंटचा कोटा. पाठवलेल्या मेलच्या प्रती तुमच्याच जागेत साठतात, अटॅचमेंटसकट. दर महिन्याच्या सुरुवातीला अल्पाइन मागच्या महिन्याची फाइल त्या महिन्याच्या नावाने वेगळी करू का असं विचारतं. हो म्हणा, आणि जड झालेल्या जुन्या फायली तिथून हलवा. कोटा भरला की मेलची प्रत राहत नाही एवढंच नाही, प्रोग्रॅमचं आउटपुटही मधेच थांबतं.

पदवी संपली की अकाउंट बंद होतं, तेव्हाची सोय आत्ताच सांगून ठेवतो. होम डिरेक्टरीतलं मेल नावाचं फोल्डर, टिंबाने सुरू होणारी पाइनआरसी ही सेटिंगची फाइल आणि तशीच टिंबाची पत्त्यांची फाइल, एवढं एससीपीने उतरवून घ्या. टिंबाच्या फायली साध्या यादीत दिसत नाहीत, एलएसला वजा ए जोडा. मेलच्या फायली थंडरबर्ड या लॅपटॉपवरच्या मेल प्रोग्रॅमलाही वाचता येतात. इनबॉक्स आयमॅपवर असेल तर तो या फोल्डरमध्ये नसतो, तेव्हा ठेवायचे मेल अर्धविरामाने निवडून आधी अकाउंटमधल्या एखाद्या फोल्डरमध्ये जतन करा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, त्या आठवड्यात नो-ड्यूजच्या रांगेत उभं राहायचं असतं.