ट्यून केलेल्या टर्बो गाडीत एक पायरी थंड प्लग: आधी निकेल, मग इरिडियम

ट्यून केलेल्या टर्बो गाडीत कोणता स्पार्क प्लग घालावा, याचं सगळं करून पाहिल्यावर माझं उत्तर ठरलं आहे: मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड (म्हणजे उष्णता जास्त लवकर सोडणारा), इरिडियमच्या टोकाचा, आणि गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती फट, ०.७ मिलिमीटरच्या आसपास. इरिडियममुळे पिकअप वाढेल म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नये, तो वाढत नाही. इरिडियम घ्यायचं खरं कारण मला साधे निकेलचे प्लग बरेच महिने वापरल्यावर कळलं.

गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल. पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं), प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारी). बदल मोजकेच आहेत: मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा), मोकळा एक्झॉस्ट आणि थोडा बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवून केलेला रीमॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातली नवी सेटिंग. टर्बो मूळचाच. आधीचे प्लग एनजीके कंपनीच्या हिशोबाने ६ नंबरचे (प्लग किती थंड ते हा नंबर सांगतो), १.१ मिलिमीटर गॅपचे. रीमॅपनंतर सावकाश चालवताना काहीच तक्रार नव्हती, पण चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की बूस्ट जिथे भरतो नेमकी तिथेच गाडी मिस मारायची, म्हणजे ठिणगी चुकून अडखळायची. आरपीएम अजून वर गेला की पुन्हा नीट.

हे लक्षण ओळखण्यासारखं आहे. सिलिंडरमधली हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. टॉर्क सर्वांत जास्त असतो तिथे सिलिंडर सर्वांत जास्त भरलेला असतो, म्हणून कॉइल पहिल्यांदा तिथेच कमी पडते. अशा वेळी लोक थेट महागडी कॉइल घेतात. त्याआधी गॅप कमी करून पाहा. माझी तक्रार गॅपनेच गेली.

पण १.१ गॅपचा इरिडियम प्लग घरी बसून ०.७ वर आणायचा नाही. अशा बारीक टोकाच्या प्लगची गॅप ०.२ मिलिमीटरहून जास्त बदलू नये. टोकासमोरची बाहेरची पट्टी त्याहून जास्त वाकवली की ती तिरकी बसते आणि ठिणगी टोकाच्या कडेवरून उडते. त्यापेक्षा मुळातच कमी गॅपचा प्लग घ्यावा. एनजीकेच्या नंबरात शेवटी -११ असेल तर तो १.१ चा. बीकेआर७ईआयएक्स याला शेपूट नाही, तो ०.८ चा येतो. तिथून ०.७ म्हणजे अगदी थोडं दाबणं. मधल्या टोकाला हत्यार लागू द्यायचं नाही, फक्त बाहेरची पट्टी हलवायची. एनजीकेच्या इरिडियम आयएक्सचं टोक ०.६ मिलिमीटरचं आणि डेन्सोच्या इरिडियम पॉवरचं तर ०.४ मिलिमीटरचं असतं. नाण्यासारखी गोल गॅपपट्टी त्यात सरकवली की टोक तुटलंच म्हणून समजा. तारेचं गेज वापरा.

आता थंड-गरमचा प्रश्न. प्लग थंड म्हणजे आतलं चिनी मातीचं नाक आखूड, त्यामुळे उष्णता लवकर हेडकडे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाकडे, निघून जाते. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. खाली गेलं तर कार्बन जळत नाही, साचत जातो. वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि त्यात पिस्टन जातो. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं. साधारण ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड, असा ट्यून करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. माझी वाढ त्याहून कमी होती, तरी बूस्टमध्ये लांब ओढायची सवय असल्याने मी ७ वर गेलो, आणि सगळ्यांना तेच सांगेन. ८ नंबर मात्र हलक्या बदलांसाठी नको. छोट्या छोट्या फेऱ्यांत तो काळा पडतो आणि सकाळचं आयडलिंग खराब होतं.

नंबर लावताना कंपनी बघा. एनजीके आणि डेन्सोचा नंबर वाढला की प्लग थंड होतो, बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की गरम. एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२.

पहिले मी बीकेआर७ई घातले, साधे निकेलचे, ज्यांना बाजारात कॉपर म्हणतात. तांबं त्यात गाभ्यात असतं, ठिणगी निकेलच्या मिश्रधातूवरच पडते. गॅप ०.७ केली आणि मिसिंग त्याच दिवशी थांबलं. गाडी इतकी छान चालली की इरिडियमवर पैसे का घालायचे, असं मनापासून वाटलं. काही महिन्यांनी तेच अडखळणं परत आलं, आधी फक्त गार हवेत, मग रोजच. प्लग काढून गेज लावलं तर चारही प्लग ०.८ च्या वर गेलेले. मधल्या टोकाची धारदार कड झिजून गोल झाली होती आणि पट्टीच्या आतल्या बाजूला तेवढाच खळगा पडला होता. प्लगचा रंग मात्र उत्तम, फिकट तपकिरी. नुसता रंग बघून ते परत बसवले असते तर दोष कॉइलवर गेला असता.

त्यानंतर इरिडियम घातले, त्याच नंबरचे, त्याच गॅपचे. चालवताना निकेलच्या नव्या प्लगांपेक्षा काहीही फरक जाणवला नाही. सकाळी स्टार्ट थोडी चटकन होते, एवढंच. पण निकेलइतकाच वापर झाल्यावर गेज लावलं तेव्हा गॅप जिथे ठेवली होती तिथेच होती. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम २४४६ ला, आणि ते कठीणही आहे. गॅपला फारशी सवड नसलेल्या टर्बो इंजिनात हाच मोठा गुण. दर सर्व्हिसला प्लग बदलायची तयारी असेल तर निकेलमध्ये काहीच वाईट नाही. ट्रॅकवर जाणारे कितीतरी जण तेच वापरतात आणि ते बरोबरच करतात. दोन-तीन पट्ट्यांच्या प्लगांच्या वाटेला मी गेलो नाही. एका वेळी ठिणगी एकाच पट्टीवर पडते.

प्लग काढल्यावर चिनी मातीवर, धातूच्या कडेला लागून, बाहेरून तपकिरी पट्टा दिसला तर घाबरू नका. तो उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून पडलेला डाग असतो, गॅस लीक नव्हे. आतलं नाक पांढरंफटक आणि त्यावर बारीक फोड असतील, तर मात्र गाडी ओढायची थांबवून आधी ट्यून तपासून घ्या.

बसवताना इंजिन पूर्ण गार हवं, आणि प्लग काढायच्या आधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवून टाका. पहिले आटे हातानेच फिरवायचे, पाना नंतर. १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीस लावल्यावर टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.