पंधराचा डबा घेऊ का चार-दहाचा? गावातल्या स्टेजवरच्या बेसवाल्यासाठी

बेस गिटार घेतली की पोरगं पहिले हेच विचारते, भाऊ पंधराचा डबा, म्हणजे एका पंधरा इंची स्पीकरचा, घेऊ ना? काहून तर डीजेच्या गाडीवर पाहिलेलं असते, जेवढा मोठा स्पीकर तेवढा दणका. मी यवतमाळकडं ऑर्केस्ट्रात वाजवतो, एप्रिलभर भीमगीतं आणि मग लग्नसराई, हे सगळे डबे छोट्या हत्तीत स्वतः चढवले-उतरवलेत, त्यामुळं आवाजाआधी मले कंबर आठवते.

एक पंधराच्या डब्याचा आवाज जाड अन् गोल, सुराची कड जरा बोथट. बोटानं निवांत वाजवणाऱ्याला लय गोड वाटते. पण समाजमंदिरात, वर टिनाचे पत्रे असले की विचारू नका, ई ची जाड तार मोकळी, बोट न दाबता, मारली की पत्रे खडखडायचे आणि मी हात ठेवून तार बंद केली तरी वरचं चालूच, ढोलकीवाला वळून माझ्याकडं पाहायचा. मैदानात उलटं, भिंतीच नाहीत तर खालचा आवाज हवेत निघून जाते आणि मागं उरते नुसती घुमघुम, कोणता सूर वाजला ते गायकाले कळत नाही.

चार-दहा, म्हणजे दहा इंची चार स्पीकरचा डबा, तिथं कामाचा. मधला आवाज पुढं येते, तारेवर बोट पडल्याची टक् ऐकू जाते, ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीतही बेस सापडते. स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तार आपटून, वाजवणाऱ्यानं दुसरं काही पाहूच नये. फक्त वरचा ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जनरेटरची सगळी घरघर बाहेर काढते, मागं त्याचं बटण असते, अर्ध्यावर आणून ठेवा.

बाराचा डबा या दोघांच्या मधला, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

आता गंमत अशी की खालचा आवाज स्पीकरच्या इंचावर नसतेच, डब्यात जागा किती आणि हवेसाठी भोक कसं काढलंय त्यावर असते. मोकळी ई म्हणजे 41 हर्ट्झ, पाच तारेवाल्याची बी 31 च्या आसपास. भोकाचा डबा एका हद्दीपर्यंत भरदार वाजते, त्याच्या खाली आवाज एकदम कोसळते आणि स्पीकरचा पडदा उगाच फडफडते, बंद डब्यात तोच आवाज हळूहळू उतरते. 1969 मधे एसव्हीटी अँपसोबत आलेला अँपेगचा आठ-दहा पाहा, पूर्ण बंद, आत चार वेगळे कप्पे, कंपनीच्याच कागदावर आवाज 58 हर्ट्झपासून पडायला लागते, म्हणजे ई च्याही वर! तरी लोक छाती हादरली म्हणतात, काहून तर त्याच ई चा दुप्पट, 82 हर्ट्झचा वरचा सूर दमदार असला की कान खालचा आपोआप भरून घेते. पण वजन 60 किलोच्या वर बाप्पा, अन् आपल्याकडं स्टेज म्हणजे ट्रॉलीवर टाकलेल्या फळ्या.

माझं मत विचाराल तर दोन दोन-दहाचे डबे, प्रत्येकी 8 ओहमचे (ओहम म्हणजे डबा विजेला किती अडवते त्याचं माप). दोन्ही जोडले की 4 होतात, तुमचा अँप 4 वर चालते का हे आधी मागच्या पट्टीवर वाचा. एकावर एक ठेवा, बाजूबाजूला नाही, वरचा डबा कानाजवळ येते आणि कडेला उभ्या माणसालाही सारखंच ऐकू जाते. सप्ताहासारख्या लहान कार्यक्रमाले एकच न्या, मोटरसायकलवर मागच्यानं मांडीवर धरला तरी जाते.

पंधराचा मी विकला नाही. घरी सरावाला आहे, मातीच्या भिंतीच्या खोलीत तो जे वाजते ते चार-दहात नाहीच.