नाताळाच्या बिस्किटांसाठी घेतलेला 28 लिटरचा ओटीजी

आमच्या घरी नाताळाचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि जोडीला नानकटाई. नानकटाईसाठी मैदा, पिठीसाखर आणि तूप मोजून डब्यांत भरायचे, बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायचा आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून आणायचा, ही आमची जुनी पद्धत. परंतु शॉर्टब्रेड, जिंजरब्रेड, जॅम लावलेले लिंझर अशी चार-पाच तऱ्हेची बिस्किटे थोडी थोडी करायची असतील, तर प्रत्येकाची आच आणि वेळ निराळी असल्यामुळे भट्टीवर ते जमत नाही. म्हणून गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका दुकानातून मी 28 लिटरचा, 1500 वॅटचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल हा विजेवरचा छोटा ओव्हन, घेतला. आता त्यावर दोन नाताळांची बिस्किटे भाजून झाली आहेत. एका नगावरून सगळ्या कंपनीला नावे ठेवणे योग्य नाही, म्हणून कंपनीचे नाव देत नाही.

पहिला घाणा शॉर्टब्रेडचा होता. साखर एक भाग, लोणी दोन भाग आणि मैदा तीन भाग, तेही वजनाने, एवढेच त्याचे प्रमाण. आणि भाजल्यावर ते फिकटच राहायला हवे, कारण त्याची सगळी चव लोण्याची असते. मी बटण 160 अंशांवर ठेवून 20 मिनिटांचा वेळ लावला. बाराव्या मिनिटाला करपल्याचा वास आला, म्हणून दार उघडले, तर सर्व बिस्किटांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातील चार तर अक्षरशः काळी पडली होती, मधला भाग मात्र अजून ओलसर होता. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये ठेवण्याचा साधा थर्मामीटर आणून पाहिले, तेव्हा बटणावर 160 असताना आत 185 अंश भरत होते. तक्रार नोंदवल्यानंतर बाराव्या दिवशी माणूस आला आणि इतका फरक चालतोच, असे सांगून गेला. भाज्या भाजायला तो चालत असेल; अर्धा सेंटीमीटर जाडीच्या बिस्किटाला 25 अंशांचा फरक चालत नाही, आणि हे मी या यंत्राचे सर्वांत मोठे न्यून मानते.

कोपऱ्याचा दोष शोधायला मी ट्रेभर साध्या ब्रेडचे काप मांडून पाच मिनिटे भाजले. कोणता काप आधी लाल होतो, त्यावरून आच कुठे जास्त लागते, ते लगेच कळले. तेव्हापासून बटण 135 अंशांवर ठेवते, ट्रे मधल्या खाचेत सरकवते आणि निम्मा वेळ झाला की ट्रेची मागची बाजू पुढे करते. माहितीपुस्तकात दहा मिनिटे आधी तापवा, असे छापले आहे. प्रत्यक्षात सतरा-अठरा मिनिटे लागतात.

एवढे सांभाळल्यावर मात्र या ओव्हनने मला फार आनंद दिला. जिंजरब्रेडमध्ये परदेशात मोलॅसिस घालतात. आपल्याकडे गुऱ्हाळावरची काकवी असताना दुसरे काही शोधण्याची गरजच नाही. सुंठ, दालचिनी, लवंग आणि जायफळ यांच्याबरोबर काकवीचा वास घरभर पसरतो आणि बिस्किटाला असा गडद तांबूस रंग येतो की त्यावर आयसिंगची पांढरी नक्षी उठून दिसते. काकवीमुळे पीठ हाताला चिकटते, म्हणून ते तासभर फ्रिजमध्ये ठेवूनच लाटावे; आणि हे बिस्किट लवकर लाल होत असल्याने शेवटची तीन मिनिटे काचेसमोरून हलू नये. ऑस्ट्रियातील चंद्रकोरीच्या आकाराची व्हॅनिला किप्फर्ल बदामाच्या कुटाने इतकी ठिसूळ होतात की गरम असतानाच, पण अगदी हलक्या हाताने, पिठीसाखरेत घोळवावी लागतात. ती पाहून सासूबाई म्हणाल्या, “अगं, या तर बाळकरंज्या!” तेव्हापासून आमच्याकडे त्यांचे तेच नाव पडले आहे. लिंझरला मूळ पाककृतीत लाल करंट या छोट्या आंबट फळांचा जॅम असतो. मी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा लावते. लोण्याच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. घरच्या ताज्या लोण्यात पाण्याचा अंश जास्त असल्याने बिस्किटे कडक होतात, आणि नेहमीचे पिवळे बटर खारे असते. बिनमिठाचे बटर मागून घ्यावे.

आतल्या पंख्याचा मला उपयोग झाला नाही. तो सुरू करताच बटर पेपरची मोकळी कड उचलली गेली आणि तीन किप्फर्लांवर दुमडून बसली. पंखा वापरायचाच असेल, तर कागद ट्रेच्या मापाने कापावा आणि आच आणखी 15 अंशांनी कमी ठेवावी. विजेबद्दलही सांगितले पाहिजे: 1500 वॅटला साधारण साडेसहा अँपिअर लागतात, त्यामुळे स्वयंपाकघरातील 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटला हा ओव्हन जोडू नये, 16 अँपिअरचेच सॉकेट घ्यावे. खर्च फार येत नाही. तासाला दीड युनिटपेक्षा कमीच जाते, कारण हवे ते तापमान गाठले की आतल्या तापणाऱ्या कांड्या आपोआप बंद-चालू होत राहतात.

सोबत एकच ट्रे मिळतो, ही गोष्ट मला खटकली, कारण गरम ट्रेवर पुढचा घाणा मांडला की लोणी वितळून बिस्किटे पसरतात. मी महाद्वार रोडवरील भांड्यांच्या दुकानातून मापाचा दुसरा ट्रे घेतला. तरीही एका वेळी बारा बिस्किटेच मावतात. चार प्रकारांची मिळून शंभर बिस्किटे करायला या वर्षी दोन संध्याकाळी लागल्या. शेजारी आणि नातलगांना वाटायची पाच किलो नानकटाई मात्र मी अजूनही भट्टीवरच भाजून आणते.