‘फ्रीलान्स कोच पॅकेज’: पंच-फिजिओसाठी चालेल, लाइफगार्डसाठी नको

घोडबंदर रोड, वाशी, खारघर भागातल्या टर्फ आणि अकॅडमीवाल्यांना एक पेरोल कन्सल्टन्सी ‘फ्रीलान्स कोच पॅकेज’ विकते: माणसांना पगारावर न घेता फ्रीलान्स दाखवून फी द्यायची. त्यात करारनामा, बिलाचा नमुना, दरमहा टीडीएसचं (पैसे देतानाच कापलेल्या आयकराचं) चलन आणि तिमाही प्रमाणपत्र मिळतं.

टीडीएसचं काम चोख आहे. वर्षाची फी ५० हजारांवर गेली की १० टक्के कापतात आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेआत भरतात. कोच, पंच, फिजिओ यांना २००८ च्या अधिसूचनेनंतर व्यावसायिक फीच्या तरतुदीत धरतात, त्यामुळे आयकराच्या बाजूने बोट ठेवायला जागा नाही.

पण ‘टीडीएस कापला, आता पीएफ-ईएसआयसीचं टेन्शन नाही’ (ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हे जे सांगून पॅकेज गळ्यात मारतात, ते खोटं आहे. नोकर कोण हे आयकराच्या चलनावर ठरत नाही, कामावर ताबा कोणाचा यावर ठरतं. यांच्याच करारात बघा. आधी ‘मालक-नोकर संबंध नाही’ असं कलम, आणि मागच्या परिशिष्टात सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५ ते ९ हजेरी, रजेला परवानगी, अकॅडमीचाच टी-शर्ट, शिवाय दुसरीकडे शिकवायला बंदी! उद्या वाद झाला तर कोचच्या वकिलाला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग खटल्यात कपड्यामागे पैसे घेणारे, वेळेचं बंधन नसलेले शिंपीसुद्धा सुप्रीम कोर्टाने नोकर ठरवले. मशीन दुकानाचं होतं आणि बिघडलेलं काम परत शिवून घ्यायचा हक्कही दुकानाचा होता.

फटका बसतो तो डोकी मोजताना. पगारावर ७ आणि ‘फ्रीलान्स’ ५ असतील, तर हे पाचही नोकर ठरल्यावर आकडा १२ होतो. ईएसआयसी १० माणसांपासून लागू होते, पीएफ २० पासून. १८ हजार पगाराच्या लाइफगार्डमागे ईएसआयसीचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये. त्याच्या पगारातून जातात १३५. एवढ्यासाठी कागद रंगवायचा, आणि पूलवर त्याला इजा झाली की भरपाई मालकाच्या खिशातून.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या. पॅकेजच्या माहितीपत्रात मात्र अजून जुन्याच कायद्यांची नावं आहेत. ठरावीक मुदतीच्या नोकरीचा सरळ पर्याय ते सुचवतही नाहीत. त्यात एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते, पण वाद कमी होतात.

स्पर्धेपुरते येणारे पंच, चार अकॅडम्या फिरून स्वतःचं बिल देणारा फिजिओ, स्वतःचं किट आणून आपल्या वेळेने बॅच घेणारा कोच यांच्यासाठी पॅकेज घ्या. परिशिष्ट मात्र काढायला लावा. लाइफगार्ड, ग्राउंड्समन, रिसेप्शन आणि रोजच्या बॅचचे कोच पगारपत्रकावरच ठेवा. पॅकेजचे पैसे माणसामागे आहेत, म्हणून सगळ्यांचीच नावं भरायचा आग्रह होईल. दरात घासाघीस करण्यापेक्षा यादी छाटा.