फाउंडेशनच्या पैशाचा माग काढायचाय? प्रोपब्लिकाचं नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर वापरून बघा

हेरिटेज फाउंडेशन, केटो इन्स्टिट्यूट, अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या उजव्या बाजूच्या थिंक टँकची, म्हणजे सरकारी धोरणांवर अभ्यास करून मतं मांडणाऱ्या संस्थांची, नावं अमेरिकेच्या बातम्यांत सारखी येतात आणि यांना पैसा कोण पुरवतं यावर लोक तावातावाने भांडतात, पण ज्या कागदांवर ते लिहिलेलं असतं ते उघडून बघणारे फार थोडे. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. प्रोपब्लिका ही न्यूयॉर्कमधली शोधपत्रकारिता करणारी ना-नफा संस्था आहे, तिने २०१३ मध्ये नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर सुरू केलं, फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही, आणि अमेरिकेतल्या करमुक्त संस्थांचे टॅक्स रिटर्न तिथे शोधता येतात. मी ते मुख्यतः एकाच कामासाठी वापरते, श्रीमंत घराण्यांची फाउंडेशनं कंझर्व्हेटिव्ह संस्थांना पैसे कसे देतात हे समजून घ्यायला, त्यामुळे रिव्ह्यूही त्याच अंगाने आहे.

हे सगळं बघायला मिळतं ते मुळात १९६९ च्या टॅक्स रिफॉर्म ॲक्टमुळे. एका माणसाच्या, घराण्याच्या किंवा कंपनीच्या पैशावर उभी असलेली संस्था म्हणजे खासगी फाउंडेशन, तिला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, भरावा लागतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. मालमत्ता किती, शेअर्स कुठले, विश्वस्त कोण, त्यांना मानधन किती, आत पैसे कुणी घातले आणि बाहेर कुणाला किती गेले, सगळं. दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावेच लागतात आणि गुंतवणुकीच्या कमाईवर १.३९ टक्के कर आहे. फाउंडेशनने स्वतः लॉबिंग करायला, निवडणुकीत उतरायला बंदी आहे, पण निःपक्ष अभ्यास आणि संशोधन यांना मोकळीक आहे, आणि थिंक टँकचं सगळं दुकान त्याच मोकळिकीवर चालतं.

आता प्रत्यक्ष वापर. उदाहरण म्हणून कंझर्व्हेटिव्ह संस्थांना पैसे देणारं ब्रॅडली फाउंडेशन घेऊ. सर्चमध्ये नुसतं ब्रॅडली टाकलंत तर ढिगाने संस्था येतील, पूर्ण नाव टाका, लिंड अँड हॅरी ब्रॅडली फाउंडेशन, मिलवॉकी, विस्कॉन्सिन. पान उघडलं की वर्षागणिक उत्पन्न, खर्च, मालमत्ता दिसते आणि प्रत्येक वर्षाखाली मूळ फॉर्म. आकडे बघून लगेच बाहेर पडू नका, फॉर्म उघडून पार खाली ग्रँटच्या यादीपर्यंत जा. रकाने साधे आहेत: घेणाऱ्या संस्थेचं नाव-पत्ता, तिचा कायदेशीर दर्जा, पैसे कशासाठी, रक्कम. यातला 'कशासाठी' हा रकाना नीट वाचा. तिथे पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते, संस्थेच्या सर्वसाधारण कामकाजासाठी. वाचायला कंटाळवाणं आहे पण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. बहुतेक दाते ठरावीक प्रकल्पाला पैसे देतात, एवढे महिने, एवढं काम, मग अहवाल द्या. सर्वसाधारण कामकाजाला मिळालेल्या पैशातून पगार निघतात, भाडं निघतं, एखाद्या तरुण अभ्यासकाला एकाच विषयावर वर्षानुवर्षं बसवून ठेवता येतं, आणि तो विषय राजकारणात येतो तेव्हा त्याचा पेपर तयार असतो. १९९७ मध्ये नॅशनल कमिटी फॉर रिस्पॉन्सिव्ह फिलान्थ्रपी या संस्थेने १२ कंझर्व्हेटिव्ह फाउंडेशनांचा अभ्यास केला होता, १९९२ ते १९९४ या तीन वर्षांत त्यांनी कंझर्व्हेटिव्ह धोरणाच्या कामाला २१ कोटी डॉलर दिल्याचं त्यात आलं, आणि असा मोकळा, दीर्घकाळचा पैसा हेच त्यांचं बळ असा त्याचा सूर होता. आज तेच कुणालाही घरबसल्या फॉर्म उघडून पडताळता येतं, मला या सेवेचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते यासाठी.

ब्रॅडलीची गोष्ट थोडी सांगते कारण ती माहीत असली की फॉर्ममधले आकडे बोलायला लागतात. ॲलन-ब्रॅडली ही मिलवॉकीची इलेक्ट्रिकल कंट्रोल्स बनवणारी घरची कंपनी, १९८५ मध्ये ती रॉकवेल इंटरनॅशनलला १६५ कोटी डॉलरला विकली, आणि १.४ कोटींच्या आसपास असलेली फाउंडेशनची मालमत्ता एकदम २९ कोटींच्या वर गेली. चालवायला कोण आणलं तर मायकेल जॉइस, जो आधी जॉन ओलिन फाउंडेशनमध्ये होता. मग मिलवॉकीत १९९० मध्ये खासगी शाळांसाठी सरकारी व्हाउचर देणारी योजना सुरू झाली, तिच्या मागे ब्रॅडलीचा पैसा कसा उभा राहिला हे अमेरिकेत शिक्षणावर बोलणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. योजना तुम्हाला पटो न पटो, एका घराण्याचा पैसा एका शहराच्या शाळांपर्यंत कसा पोचतो ते यात दिसतं.

ओलिनचं पान उघडलंत तर जुने स्कॅन केलेले कागद मिळतील. रसायनं आणि दारूगोळ्याच्या धंद्यातला पैसा, फाउंडेशन १९५३ चं, पण जॉन ओलिनने जोर लावला तो १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारत ताब्यात घेऊन आत बंदुका आणल्यानंतर, कारण तो तिथेच शिकलेला. माजी अर्थमंत्री विल्यम सायमन अध्यक्ष झाले. कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणारे कार्यक्रम मोठमोठ्या लॉ स्कूल्समध्ये उभे केले, १९८२ मध्ये सुरू झालेल्या फेडरलिस्ट सोसायटीला, म्हणजे कंझर्व्हेटिव्ह विचारांच्या वकिलांच्या संघटनेला, पाठबळ दिलं, आणि मग ठरवून सगळा पैसा खर्च करून २००५ मध्ये कुलूप लावलं. हेन्री फोर्ड दुसरा याने १९७७ च्या सुमारास वैतागून फोर्ड फाउंडेशनचं विश्वस्तपद सोडलं होतं, घराण्याच्या पैशावर नंतर दुसऱ्याच विचारांची माणसं बसतात ही भीती ओलिनला होती, म्हणून पैसाच शिल्लक ठेवायचा नाही असं ठरलं. एकूण वाटले साधारण ३७ कोटी डॉलर, तेही अनेक दशकांत. फोर्ड फाउंडेशनपुढे ही रक्कम किरकोळ आहे. एवढ्या पैशात अमेरिकेतल्या वकील-न्यायाधीशांच्या एका अख्ख्या पिढीची जडणघडण झाली, म्हणून मी म्हणते की नुसत्या रकमा बघून काही कळत नाही, यादी वाचावी लागते.

नावांच्या बाबतीत सांभाळा. सारा स्केफ फाउंडेशन ही रिचर्ड मेलन स्केफची, पिट्सबर्गची, हेरिटेजच्या मोठ्या दात्यांपैकी एक, आणि स्केफ फॅमिली फाउंडेशन ही वेगळी संस्था, दोन्हींची बेरीज करून आकडे फिरवू नका. 'हेरिटेज फाउंडेशन' टाकलं तर गावोगावच्या वारसा जपणाऱ्या संस्थाही येतात, तेव्हा ईआयएन हा संस्थेच्या ओळखीचा नऊ आकडी कर-नंबर एकदा मिळाला की तो लिहून ठेवा आणि त्यानेच शोधा. स्मिथ रिचर्डसन फाउंडेशनचं पान उघडलंत तर माहीत असू द्या की हा विक्स व्हेपोरबचा पैसा आहे.

फुल टेक्स्ट सर्च ही मला या सेवेतली सगळ्यात ताकदवान गोष्ट वाटते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरलेल्या रिटर्नच्या आतला मजकूर शोधता येतो, म्हणजे उलटं जाता येतं, थिंक टँकचं नाव टाका आणि कुणाकुणाच्या फॉर्ममध्ये ते आलंय ते बघा. याचं श्रेय बरंचसं सरकारी कागद लोकांसाठी खुले व्हावेत म्हणून झटणाऱ्या कार्ल मलामुड यांना जातं, त्यांनी आयआरएसवर केस केली, २०१५ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ पासून हे रिटर्न कॉम्प्युटरला वाचता येतील अशा रूपात मिळायला लागले. स्कॅन केलेल्या जुन्या पीडीएफमध्ये मात्र असा शोध चालत नाही, तिथे डोळे लावून बसावं लागतं.

उणिवा आहेत, पण बहुतेक कायद्याच्या आहेत. एक म्हणजे उशीर. कॅलेंडर वर्षाचा फॉर्म पुढच्या १५ मेला भरायचा, सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली की १५ नोव्हेंबर, त्यानंतर तो साइटवर यायचा, म्हणजे आज गाजत असलेल्या विषयामागचा पैसा दिसेपर्यंत विषय थंड झालेला असतो. दुसरी उणीव फार मोठी आहे. समजा फाउंडेशनने डोनर्सट्रस्टला पैसे दिले. ही १९९९ पासून व्हर्जिनियात चालणारी संस्था, कंझर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या) दात्यांचे पैसे आपल्या खात्यात घेते आणि दाता सुचवेल तिथे पाठवते. ती सार्वजनिक धर्मादाय संस्था धरली जाते, त्यामुळे तिचे दाते लोकांना दिसत नाहीत. पैसे कुठे गेले ते दिसतं, कुठून आले ते दिसत नाही, आणि वर फाउंडेशनने तिला दिलेली रक्कम त्या ५ टक्क्यांत धरली जाते. खुद्द ब्रॅडलीच्या जोडीला ब्रॅडली इम्पॅक्ट फंड आहेच, त्याच पद्धतीचा.

आणि मग बॅरी साइड यांचं प्रकरण. शिकागोची ट्रिप लाइट ही त्यांची कंपनी, इलेक्ट्रिकल सामानाचीच, २०२१ मध्ये ईटनने घेतली, किंमत पुन्हा १६५ कोटी डॉलर, ॲलन-ब्रॅडलीची होती तेवढीच. पण विक्रीआधी त्यांनी सगळे शेअर्स मार्बल फ्रीडम ट्रस्टला देऊन टाकले होते, तो चालवतात फेडरलिस्ट सोसायटीचे लिओनार्ड लिओ. ही खासगी फाउंडेशन नाही, त्यामुळे ९९०-पीएफ नाही, दात्याचं नाव जाहीर करायची सक्ती नाही. सुमारे १६० कोटींची ही देणगी २०२२ मध्ये कळली ती पत्रकारांमुळे, त्यात प्रोपब्लिका स्वतः होती. तेव्हा ज्या घराण्यांच्या फाउंडेशनांना लोक डार्क मनी, म्हणजे गुप्त पैसा, म्हणतात ती खरं तर सगळ्यात उघडी आहेत, अंधार आहे तो त्यांच्या शेजारच्या खोल्यांत आणि मोठा पैसा आता तिकडे सरकतोय. हे मला काळजीचं वाटतं. दात्यांचं म्हणणं असतं की नाव कळलं तर त्रास देतात, आणि १९५८ च्या अलाबामा केसमध्ये कृष्णवर्णीयांच्या संघटनेला सभासदांची नावं लपवायचा हक्क सुप्रीम कोर्टानेच दिला होता, हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण जिवाला धोका असलेला साधा सभासद आणि करसवलत घेऊन न्यायव्यवस्था घडवू बघणारा अब्जाधीश यांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. डाव्या बाजूलाही हेच चालतं, तिकडच्या कामांना पैसे पुरवणाऱ्या सिक्स्टीन थर्टी फंडचे दाते असेच दिसत नाहीत, तिथेही माझं मत तेच.

प्रोपब्लिका निःपक्ष आहे का, असं विचारणारे असतातच. तिची सुरुवात सँडलर दांपत्याच्या पैशावर झाली, ते डेमोक्रॅट बाजूचे दाते. पण इथे कागद सरकारी आहेत, शंका आली तर मूळ फॉर्म समोर आहे, आणि प्रोपब्लिकाचे स्वतःचे रिटर्नही याच साइटवर शोधता येतात. आयआरएसची स्वतःची शोधसेवा आहे, चालते, पण वापरायला रुक्ष. ना-नफा संस्थांची माहिती देणाऱ्या गाइडस्टार आणि फाउंडेशन सेंटर या दोन संस्था २०१९ मध्ये एकत्र येऊन कॅन्डिड झालं, त्यांचा डेटा जास्त नीटनेटका आहे पण चांगल्या सोयींना पैसे पडतात. साध्या वाचकाला, विद्यार्थ्याला, जिल्हा पातळीच्या पत्रकाराला एक्सप्लोरर पुरेसं आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो ग्रँटची यादी थेट तक्त्यासारखी उतरवून घ्यायची सोपी सोय मला मिळत नाही म्हणून, एक्सएमएल आहे पण ते तांत्रिक माणसाचं काम. सुरुवात करणार असाल तर आधी ब्रॅडलीची लागोपाठ चार-पाच वर्षं उघडा, प्रत्येक वर्षी परत येणारी नावं कागदावर काढा, मग त्या नावांपैकी एखादं फुल टेक्स्टमध्ये टाकून दुसरे दाते शोधा. डोनर्सट्रस्ट बघायचं असेल तर त्यांच्या ९९० मधलं (हा सार्वजनिक धर्मादाय संस्थांचा वार्षिक फॉर्म) शेड्यूल आय, म्हणजे दिलेल्या ग्रँटची यादी, उघडा, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा, पण वाटलेला पैसा तिथे संस्थेच्या नावानिशी आहे.