मला मावशी म्हणाले, पण लाल दिव्याचं ऐकलंच नाही (ब्रॉडबँड हेल्पलाइन, ५ पैकी २ स्टार)

कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हे कुठल्याही हेल्पलाइनवर होऊ शकतं. नेटच्या स्पीडबद्दल तक्रार नाही, हा रिव्ह्यू फक्त कस्टमर केअरचा आहे.

सकाळी नेट गेलं, बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे फायबरमधून सिग्नलच पोचत नाहीये, केबल कुठेतरी तुटलीय नाहीतर दुमडलीय नाहीतर कनेक्टर सैल झालाय, अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू करा काही फरक पडत नाही. मी फोन लावला, "नेट बंद आहे" एवढंच बोलले आणि पलीकडचा मुलगा म्हणाला, "मावशी, घरात कोणी मुलगा वगैरे आहे का, त्याला देता का फोन?" मी म्हटलं मलाच सांगा. मग एकेक शब्द सुटा करून बटण बंद करा, आता चालू करा, असं पंधरा मिनिटं चाललं. लाल दिव्याचं मी दोनदा सांगितलं, तो "हो मावशी" म्हणाला आणि परत बटणावर आला.

तो उद्धट नव्हता, उलट फार मायेने बोलत होता, आणि मला त्रास झाला तो त्यामुळेच. हार्वी सॅक्स नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, १९६३-६४ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनकॉल्सचा अभ्यास केला, माणसं बोलता बोलता एकमेकांना कुठल्या गटात बसवतात याकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं. त्यांचं एक म्हणणं मला फार पटतं. एकाच माणसाला लागू पडणारे गट कितीतरी असतात आणि सगळे खरेच असतात, म्हणून "तुम्ही बाईच आहात की, वयाने मोठ्याच आहात की" हे काही उत्तर होत नाही. मी बाई आहे, वय ५८ आहे, निवृत्त आहे, मी नेटवर्किंगमध्ये २२ वर्षं काम केलंय आणि मी या कंपनीची ग्राहक आहे. यातलं नेमकं कुठलं उचललं आणि का, प्रश्न हा आहे.

आणि एकदा एक गट उचलला की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, पुढचं काही विचारायची गरज वाटत नाही, कारण त्या गटाची माणसं काय करतात, त्यांना काय जमतं काय नाही, हे आपण गृहीतच धरून चालतो. शिवाय काही गट जोडीने येतात आणि जोडीसोबत हक्क आणि जबाबदाऱ्या येतात. ग्राहक आणि कंपनी या जोडीत मला तक्रार नोंदवायचा हक्क आहे आणि त्याला ती नोंदवून घ्यावीच लागते. मावशी आणि भाचा या जोडीत तो मला समजावू शकतो, धीर देऊ शकतो, पण तक्रारीचं तिकीट काढलं नाही म्हणून त्याला जाब कसा विचारणार? एका गोड शब्दाने मी ग्राहकाच्या जागेवरून उठले होते.

दुपारी परत फोन केला, या वेळी दुसरा मुलगा. पहिलंच वाक्य टाकलं, "मी नेटवर्क इंजिनिअर होते, एलओएस लाल आहे." लगेच "येस मॅडम", दोन मिनिटांत तिकीट नंबर. दिवा तोच, बाई तीच. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण ज्यांच्याकडे असं सांगायला काही नाही त्यांनी काय करायचं? आणि खरं सांगायचं तर सकाळी त्या मुलाचा कोवळा आवाज ऐकून मीही मनात म्हटलंच होतं, नवीन दिसतोय, याला काही येत नसणार.

टेक्निशियन संध्याकाळी आला, दारातूनच माझ्या १९ वर्षांच्या भाच्याशी बोलायला लागला. भाच्याने माझ्याकडे बोट दाखवलं. गच्चीच्या कोपऱ्यात केबल दुमडून तुटली होती, जोड घातला, दिवा हिरवा झाला.

दोन स्टार देतेय ते काम झालं का विचारायला रात्री फोन केलेल्या मुलीचे. तिने मावशी नाही, सर-मॅडम नाही, पहिलाच प्रश्न विचारला, "आता बॉक्सवर कुठला दिवा लागलाय?" सकाळी पण एवढंच विचारायला हवं होतं.